ड्रोन फवारणी : पिकापासूनचे अंतर यंत्र कसे मोजते ?

फवारणीसाठी ड्रोन भाड्याने घेण्याकडे कल वाढत आहे. ड्रोन पिकापासून फार उंच राहिला तर औषधाचे तुषार वाऱ्याने भरकटतात. शेजारी तुतीची लागवड असेल, तर त्या पाल्यावरचे रेशीम कीटक मरू शकतात. फार खाली आला तर पंख्यांच्या वाऱ्याने पीक लोळते व मधले पट्टे कोरडे राहतात. पैठणकडील सपाट रानात एकदा ठरविलेली उंची चालून जाते. कन्नड, सोयगावच्या चढ-उताराच्या जमिनीत मात्र ड्रोनला पिकापासूनचे अंतर सतत मोजावे लागते.

मोजण्याचे तत्त्व

विहिरीच्या काठावरून हाक मारली की आवाज पाण्यावर आपटून परत येतो. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समजा, हाक परत यायला ०.१ सेकंद लागला. म्हणजे जाऊन-येऊन अंतर ३४ मीटर झाले, अर्थात पाणी १७ मीटर खाली आहे. अंतर मोजणारा सेन्सर हेच करतो : लहर सोडतो, ती परत येण्याचा वेळ मोजतो आणि निम्मे करतो.

सेन्सरचे तीन प्रकार

१) ध्वनी : स्वस्त असतो. परंतु हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो. जोराच्या वाऱ्यातही माप चुकते.

२) प्रकाश : ३ मीटरवरून प्रकाश परत यायला लागणारा वेळ म्हणजे सेकंदाच्या एक अब्ज भागांपैकी फक्त २० भाग ! काही मोबाईलच्या कॅमेऱ्यात, तसेच दूध काढणाऱ्या काही यंत्रमानवांत गाईचे सड शोधण्यासाठी हीच पद्धत वापरतात. कडक ऊन, धूळ व भिंगावरचे औषधाचे थेंब यांनी माप बिघडते.

३) रडार : रेडिओ लहरींना धूळ व तुषारांचा अडथळा कमी होतो. मात्र विरळ पिकात लहरी पानांऐवजी जमिनीवरून परतू शकतात. तेव्हा उंची ठरविताना पिकाची उंची मिळवावी.

घ्यावयाची काळजी

१) ड्रोन पिकापासूनचे अंतर मोजतो काय, हे आधी विचारावे. केवळ हवेच्या दाबावरून मिळणारी उंची ही ड्रोन जिथून उडाला त्या जागेपासूनची असते, पिकापासूनची नव्हे.

२) प्रथम साध्या पाण्याने एक फेरी घ्यावी. चढावर व उतारावर उंची सारखी राहते का, ते पाहावे.

३) टाकी भरताना प्रत्येक वेळी सेन्सर मऊ कापडाने पुसावा.

४) खाली पाहणाऱ्या सेन्सरला समोरच्या विजेच्या तारा दिसत नाहीत. तारा, झाडे व विहिरीची जागा चालकाला आधी दाखवावी.

५) चालकाकडे परवाना असल्याची खात्री करावी. वारा जोराचा असल्यास फवारणी थांबवावी. शेजारच्या रेशीम उत्पादकास आदल्या दिवशी कळवावे.

सेन्सर कितीही चांगला असला तरी वाऱ्याची दिशा तो बदलू शकत नाही, हे ध्यानात ठेवावे. अधिक माहितीसाठी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा.