थव्यातले ‘नापास’ कबुतर

शिरड शहापूरसारख्या गावात कुणाच्या माळवदावर ढाबळ असेल, तर गिरेबाज कबुतरांचा थवा पाहा. उडता उडता एकेक पक्षी मागच्या बाजूने कोलांट्या घेतो. एखादा मात्र सरळच उडतो, किंवा सर्वांआधी खाली उतरतो. मग धनी म्हणतो, “हा बिनकामाचा, काढून टाका!” पण परीक्षा न घेताच निकाल कसा लावायचा?

प्रथम वय पाहा. पिलू उडू लागताच कोलांट्या घेत नाही. त्याला काही महिने लागतात. नंतर पंख उलगडून पाहा. पिसे गळत असतील तर उड्डाण मंदावते. छातीचे हाड बोटाला टोचते का? तसे असल्यास पक्षी खंगला आहे. जंत किंवा उवा असतील. त्याला वेगळे ठेवून दाणे द्या, रोज ठराविक वेळी वजन करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, म्हणजे खरे कारण सापडेल.

एवढे करूनही तो सरळच उडाला, तर कारण बहुधा आनुवंशिक असते. हा गुण वंशपरंपरेने येतो, अशी नोंद डार्विननेही १८५९ साली केली होती. गिरेबाज आणि साधे कबुतर यांच्या पिलांत तो सहसा दिसत नाही.

उलट, कोलांट्या अति झाल्या तर पक्षी जमिनीवर आदळून मरतो. सरळ उडणारा पक्षी तर निसर्गाच्या परीक्षेत पासच आहे! गिरेबाजांच्या पैदाशीसाठी तो नको, एवढेच. दुसऱ्यांची अंडी उबवायला आणि पिले भरवायला तो उपयोगी पडतो. त्याला ढाबळीत राहू द्या.