पवित्रा पायांचा असतो

पुढाऱ्यानं ‘आक्रमक पवित्रा’ घेतल्याची बातमी आपण रोज वाचतो. हा शब्द मुळात मर्दानी खेळांतला. लाठी, फरी-गदका, दांडपट्टा खेळताना पाय कसे रोवायचे आणि कसे बदलायचे, त्याला पवित्रा म्हणतात. मीरा-भाईंदरमध्ये मालिकांचे सेट लागतात, लता मंगेशकर नाट्यगृह आहे, आणि चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेशी (१७३७-३९) नातं सांगणारे घोडबंदर नि धारावी हे किल्लेही इथेच आहेत. इथल्या मुलांना ऐतिहासिक प्रसंग बसवावासा वाटतो, यात नवल नाही. पण तालमीला पहिल्या दिवशी सगळे तलवारीकडे धावतात, पायांकडे कुणी बघत नाही.

तलवारबाजी हाताची कला आहे, हा पहिला गैरसमज. रंगमंचावर जीव वाचवतं ते अंतर, आणि अंतर राखतात पाय. हल्ला करणाऱ्यानं हात पूर्ण लांबवला तरी तलवारीचं टोक समोरच्याच्या छातीपासून वीतभर लांब राहायला हवं. पुढे जाताना आधी पुढचा पाय, मग तेवढाच मागचा. मागे सरताना आधी मागचा. गुडघे किंचित वाकलेले, पावलं खांद्याइतकी फाकलेली. नवखे लोक दोन्ही पाय जवळ आणतात किंवा नकळत एकात एक अडकवतात आणि तिथेच तोल जातो.

दुसरा गैरसमज जास्त घातक आहे: एकानं वार करायचा, दुसऱ्यानं तो बघून चुकवायचा. बसवलेल्या लढतीत क्रम वेगळा असतो. आधी दोघांची नजर भेटते. मग हल्ला करणारा तलवार उगारून थांबतो, म्हणजे आता कुठला वार येणार ते जोडीदाराला कळतं. जोडीदाराचा पाय मागे निघाला, की मगच वार सुटतो, तोही मघाशी जिथे शरीर होतं त्या मोकळ्या जागेत. प्रेक्षकाला वाटतं, वारामुळे तो मागे हटला. खरं तर तो हटला म्हणून वार झाला. हा क्षणभराचा फरक अंगात मुरायला कित्येक दिवस संथ तालीम लागते, आणि प्रयोगातही पूर्ण वेग लावायचा नसतो.

फेन्सिंग किंवा मर्दानी खेळ येणाऱ्याला हे आपोआप जमेल, असंही मानतात. त्यांचा तोल आणि कणखरपणा फार कामाचा असतो, यात शंका नाही. पण फेन्सिंगची पट्टी १४ मीटर लांब आणि जेमतेम दोन मीटर रुंद. तिथे पाय सरळ रेषेत चालतात आणि प्रतिस्पर्ध्याला गाठण्यासाठीच शिकवलेले असतात. रंगमंचावर गाठायचंच नसतं. ही सवय मोडणं नवं शिकण्याहून अवघड.

कॅमेऱ्यापुढे तर काहीही खपतं म्हणे! लांब पल्ल्याच्या लेन्समधून दूर उभे असलेले दोघं जवळ दिसतात, ही सोय खरी. पण ठरलेल्या खुणेवरून पाऊल सरकलं की फोकस जातो, आणि दुसऱ्या कोनातून तोच वार घेताना पावलं वेगळी पडली तर संकलनात शॉट जुळत नाही. चौकटीत फक्त चेहरे असले तरी खाली पायांना तेच काम करावं लागतं.

धार नसलेली तलवारही डोळा फोडू शकते, बोटं मोडू शकते. गुळगुळीत तळाची नवी मोजडी, पायात येणारं धोतर, विंगेतली वायर यांनी धोका आणखी वाढतो.

म्हणून प्रसंग बसवणाऱ्या मंडळांना आणि कॉलेजच्या मुलांना विनंती आहे. पहिला आठवडा तलवारी पेटीतच ठेवा. जमिनीवर खडूनं खुणा करा, प्रयोगात घालणार तीच पादत्राणं घाला आणि रिकाम्या हातांनी अख्खी लढत नुसती चालून बघा.