खाण गेली, खड्डा गावाचा

सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या तोंडवलीहून किनारा धरून दक्षिणेला निघालं की मालवण, वेंगुर्ला, शिरोडा मागे पडतं आणि गोव्याच्या हद्दीला टेकलेलं रेडी लागतं. यशवंतगड, बंदर आणि लोहखनिजाच्या खाणी ही या गावाची ओळख. तिच्यात १८ एप्रिल १९७६ रोजी आणखी एक भर पडली. खाणीवर ट्रक लावून झोपलेल्या चालकाला स्वप्नात गणपतीनं जागा दाखवली, तिथं खणल्यावर मूर्ती निघाली, असं गाव सांगतं. दगडात कोरलेली, बसलेली, दोनच हातांची अशी ही भली मोठी मूर्ती आहे. पुढे दगडी उंदीरही सापडला. आज तिथं देऊळ आहे आणि लांबलांबून माणसं येतात.

मला या हकिकतीत खाणकामगारांचा हक्क दिसतो. खाणीचा पट्टा कंपनीचा, माल परदेशी जाणार, गावाच्या वाट्याला मजुरी आणि तांबडी धूळ. अशा जमिनीतला एक तुकडा देवाच्या नावानं का होईना, गावाकडे परत आला. पण देऊळ एका जागेपुरतं असतं. उरलेल्या खड्ड्यांचं काय, हा प्रश्न सुटत नाही.

दोडामार्ग तालुक्यातल्या कळणे गावानं तो प्रश्न २९ जुलै २०२१ ला अंगावर घेतला. भर पावसात खाणीत साठलेलं पाणी बांध फोडून सुटलं आणि चिखलासकट घरांत, बागायतीत शिरलं. ही खाण येण्याआधीच ग्रामस्थांनी तिला विरोध केला होता. पश्चिम घाटावरच्या माधव गाडगीळ समितीनंही २०११ च्या अहवालात सिंधुदुर्गातल्या खाणकामाबद्दल स्पष्ट इशारा दिला होता.

कोळशाच्या मुलखात धोका डोळ्यांना दिसतही नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घूसमध्ये २६ ऑगस्ट २०२२ ला आमराई वॉर्डातलं एक घर पाहता पाहता जमिनीत गडप झालं. घरातली माणसं वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. खाली जुनी भूमिगत खाण होती. आजूबाजूच्या शंभराहून अधिक कुटुंबांना बिऱ्हाड हलवावं लागलं. ज्या कोळशावर गाव वसलं, वाढलं, त्याचीच पोकळी पायाखाली उरली.

अशा पोकळीची तजवीक आधी करता येते. जर्मनीतल्या रूर खोऱ्यात शेवटची दगडी कोळशाची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद झाली. तिथं खाणींतलं पाणी यापुढेही कायम उपसत राहावं लागणार आहे. त्या खर्चासाठी आधीच वेगळी निधीसंस्था उभारलेली आहे. आपल्याकडेही खाण बंद करण्याचा आराखडा २००३ पासून बंधनकारक आहे आणि कोळसा खाणींसाठी २००९ मध्ये वेगळी मार्गदर्शक तत्त्वं आली. कागद आहेत, पण ज्यांच्या परसदारी खड्डा राहणार त्यांनी ते कधी वाचलेले नसतात. माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे. खड्ड्याचा बांध कोण बघणार, पाणी कोण उपसणार, माती कुठे टाकणार, हे पट्टा मंजूर होण्याआधी गावाला कळलंच पाहिजे.

सिंधुदुर्गात नव्या खाणींची चर्चा अधूनमधून डोकं वर काढत असते. तुमच्या गावात ती आली, तर ग्रामसभेत नोकऱ्यांचा आकडा विचाराच, पण त्याआधी खाण बंद करण्याचा आराखडा मराठीत मागा, तो सभेत मोठ्यानं वाचून घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा.