जुन्या तलवारीचा माग कसा काढायचा?

एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज लिलावात महाराष्ट्र शासनाने ४७.१५ लाख रुपयांना एक तलवार मिळवली. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी भोसले यांची ही तलवार. तिचे पाते युरोपीय, मूठ मराठा घाटाची आणि लेख देवनागरी. मग ही तलवार कुठली म्हणायची? जुन्या तलवारीबाबत हा प्रश्न एकदम विचारून भागत नाही. पाते, मूठ, लेख आणि मालकी यांची चौकशी वेगवेगळी करायची आणि शेवटी चारही उत्तरे जुळतात का ते पाहायचे.

सुरुवात पात्यापासून करावी, कारण बहुधा तेच सर्वांत जुने असते. मुठी मोडत, बदलत. चांगले पाते मात्र पिढ्यान्‌पिढ्या वापरात राही. पाते सरळ की वक्र, एकधारी की दुधारी, त्यावर पन्हळी किती, हे आधी टिपावे. लांबी, मुठीजवळची रुंदी आणि पाठीची जाडी मोजावी. सतराव्या-अठराव्या शतकांत युरोपातून आलेल्या लांब, सरळ पात्यांना इथे मुठी बसवत. अशी तलवार म्हणजे फिरंग. रघुजींची तलवार त्याच जातीची, सरळ आणि एकधारी.

पात्यावरच्या ठशांवर मात्र लगेच विश्वास टाकू नये. धावत्या लांडग्याची खूण आधी पासाऊची. पुढे जर्मनीतल्याच झोलिंगेनच्या कारागिरांनीही ती उचलली. आंद्रेया फेरारा या इटालियन कारागिराचे नाव दुसऱ्यांनी बनवलेल्या असंख्य पात्यांवर आढळते. जिनोआच्या पात्यांवरची दातेरी चंद्रकोरींची जोडी भारतातही हुबेहूब उठवली जाई. त्यामुळे ठसा हा पुराव्याचा एक धागा, निकाल नव्हे.

पुढची पायरी सांध्याची. युरोपीय तलवारीत पात्याचा शेपटासारखा भाग मुठीतून आरपार नेऊन टोकाशी ठोकून पक्का करतात. भारतीय मुठीत तो पोकळीत घालून लाखेने किंवा राळेने बसवतात. परदेशी पाते लाखेने बसवलेले दिसले, तर मूठ इथे चढवली असे मानायला आधार मिळतो. मुठीवर हात झाकणारी पसरट परज आणि मागे निघालेला गज असेल, तर ती खंडा या सरळ भारतीय तलवारीच्या घाटाची. दुसरा हात लावून वार करता यावा म्हणून हा गज असे.

मग लेख. रघुजींच्या तलवारीवर सोन्याच्या अक्षरांत त्यांचे नाव आणि ‘सेनासाहेबसुभा’ हा किताब आहे. हा किताब त्यांना छत्रपती शाहूंकडून मिळाला, त्यामुळे लेख त्याआधीचा असू शकत नाही. पात्याचे वय मात्र यावरून ठरत नाही. कधी शस्त्रागाराची नोंदच मदतीला येते. बिकानेरच्या कित्येक शस्त्रांवर ठिपक्याठिपक्यांनी खोदलेली अक्षरे असतात. त्यांतली काही शस्त्रे बिकानेरचे महाराजा अनुपसिंह यांना १६८९ मध्ये आदोनीच्या विजयात मिळाल्याचे या अक्षरांतूनच कळते. लेख नंतर कोरला असण्याची शंका नेहमी ठेवावी. पाते झिजलेले आणि अक्षरे टवटवीत, असे असेल तर सावध व्हावे.

ब्रिटिश लष्करी तलवारीचे काम तुलनेने सोपे. ‘व्हीआर’ ही राजमुद्रा व्हिक्टोरिया राणीच्या, म्हणजे १८३७ ते १९०१ या काळातली. विल्किन्सन कंपनी १८५४ पासून आपल्या अनेक पात्यांच्या पाठीवर क्रमांक घालू लागली. कंपनीच्या नोंदवह्यांत त्या क्रमांकावरून वर्ष, कधी कधी खरेदीदाराचे नावही सापडते.

मालकीचा मुद्दा शेवटी घ्यावा, कारण दंतकथा इथेच शिरतात. अमक्या लढाईत वापरलेली म्हणून घरात सांगितले जाते, त्याला सनद, दौलतीची यादी, जुने छायाचित्र किंवा खरेदीपत्र यांपैकी काहीतरी जोड हवी. रघुजींची तलवार परदेशी कशी गेली, याबाबतही १८१७ मध्ये नागपूरकर भोसले आणि इंग्रज यांच्यात झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतरची लूट किंवा भेट असा अंदाजच बांधला जातो.

घरात अशी तलवार असेल तर चिंच, लिंबू, सँडपेपर यांपासून ती दूर ठेवा आणि मूठ तापवून सोडवू नका. घासण्यात ठसे जातात, सोनेकामही जाते. आधी सर्व बाजूंनी स्वच्छ फोटो काढा, मापे लिहा आणि जवळच्या संग्रहालयात किंवा पुरातत्त्व कार्यालयात दाखवा. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही, हेही ध्यानात असू द्या.