बोल्यांचा ठराव आणि पुढची चौदा वर्षे

जुलै 2024 मध्ये विधान भवनाच्या मध्यवर्ती सभागृहात टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून आलेल्या चार मुंबईकरांचा सत्कार झाला. रोहित शर्मा, सूर्यकुमार यादव, शिवम दुबे आणि यशस्वी जैस्वाल. सूर्यकुमारने मराठीतून बोलायला सुरुवात केली, अंतिम सामन्यातल्या झेलाबद्दल ‘कॅच बसला हातात’ म्हणाला आणि सभागृह खूश झाले. संघासाठी 11 कोटी रुपयांचे बक्षीस जाहीर झाले. पुढच्याच वर्षी, 2025 च्या पावसाळी अधिवेशनात, सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सवाचा दर्जा देत असल्याची घोषणा विधानसभेत झाली. दोन्ही वेळी बाके वाजली. 

अशा प्रसंगांना नाक मुरडणारा एक वर्ग आपल्याकडे आहे. मी त्यातला नाही. लोकप्रतिनिधींनी खेळाडूचे, कलावंताचे, गावच्या उत्सवाचे कौतुक करावे, त्यात सभागृहाचा वेळ गेला तरी चालेल. मात्र कौतुकाचा ठराव एकमताने होतो, कारण त्यात कोणाच्या हातचे काही जात नाही. ज्या ठरावाने कोणाच्या तरी विहिरीवर दुसऱ्या कोणाचा हक्क मान्य होतो, त्याचे पुढे काय होते? महाराष्ट्राच्या विधिमंडळाच्या पूर्वसुरींनी, म्हणजे मुंबई कायदे कौन्सिलने, शंभर वर्षांपूर्वी असा एक ठराव केला. त्याची गोष्ट सांगायची तर आधी त्या कौन्सिलला कोण मत देत होते, ते पाहावे लागेल.

1919 च्या सुधारणा कायद्यानंतर जी कौन्सिले आली त्यांत बहुसंख्य सभासद निवडून आलेले असत. पण निवडणारे मूठभर होते. मुंबई इलाख्यातल्या बहुतेक जिल्ह्यांत मतदार व्हायला साधारण 32 रुपये शेतसाऱ्याची जमीन लागे; शहरात घरभाड्याची अट होती. शंभर माणसांमागे तीन-चार मतदार निघाले तर निघाले. कुळाने कसलेल्या जमिनीचे मत खोताला, आणि गिरणीतल्या बदलीवाल्याला मत नाहीच. या कायद्याची तयारी चालू असताना मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे जानेवारी 1919 मध्ये साक्ष द्यायला सिडनहॅम कॉलेजातले एक तरुण प्राध्यापक गेले होते, भीमराव रामजी आंबेडकर. अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा आणि त्यांचे प्रतिनिधी त्यांनाच निवडू द्या, ही त्यांची मागणी. अट खाली आली नाही. अस्पृश्यांना मिळाली ती सरकारनियुक्त जागा, आणि तिच्यावर साताऱ्याकडचे ज्ञानदेव घोलप बसले.

स्त्रियांना तर नियमानेच वगळले होते. पण त्याच नियमांत एक फट ठेवलेली होती: एखाद्या प्रांताच्या कौन्सिलने ठराव केला, तर त्या प्रांतापुरती ही अपात्रता उठेल. मद्रासने 1921 मध्ये सर्वांआधी तसा ठराव केला. त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई कौन्सिलने केला. ठराव झाला, नियम बदलला आणि 1923 च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यातल्या स्त्रियांनी मतदान केले. अर्थात सारा आणि भाड्याची अट त्यांनाही होतीच, त्यामुळे ज्या बायकांच्या नावावर काही होते त्यांचेच मत. तरीही ठराव आणि परिणाम यांच्यात दोनच वर्षांचे अंतर पडले, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण त्याच सभागृहाच्या दुसऱ्या एका ठरावाचे नशीब अगदी निराळे निघाले.

तो ठराव मांडणारे रावबहादूर सीताराम केशव बोले. दादरमध्ये पोर्तुगीज चर्चकडून सिद्धिविनायकाकडे जाणाऱ्या एस. के. बोले रोडवरून रोज हजारो माणसे जातात. हे बोले ते. मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, भंडारी समाजातले, सत्यशोधकी विचारांच्या माणसांत वावरणारे आणि गिरणी कामगारांत ‘कामगार हितवर्धक सभे’चे काम करणारे. 1907 मध्ये आंबेडकर मॅट्रिक झाले तेव्हा वस्तीतल्या लोकांनी सत्काराची सभा भरवली. अध्यक्ष बोले होते. त्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलाला भेट दिले, हे पुष्कळांना माहीत असते. अध्यक्षांचे नाव सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. समाजातल्या एका पोराच्या यशाचा असा सत्कार करून बोले थांबले असते, तरी चांगले गृहस्थ म्हणून त्यांची आठवण राहिली असती.

4 ऑगस्ट 1923 रोजी बोल्यांचा ठराव कौन्सिलात मंजूर झाला. त्याचा आशय असा: सार्वजनिक पैशातून बांधलेले आणि चालवलेले, किंवा सरकारने नेमलेल्या अथवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातले सगळे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, तसेच सार्वजनिक शाळा, कचेऱ्या, कोर्टे आणि दवाखानेही. कौन्सिलने सरकारला तशी शिफारस केली. ठरावात धर्माचा उल्लेख नाही, दयेचा नाही, उद्धाराचा तर नाहीच. पैसा सर्वांचा तर पाणी सर्वांचे, एवढा सरळ हिशेब. करदात्याच्या अंगाने अस्पृश्यतेला भिडण्याची ही रीत मला फार धूर्त वाटते, चांगल्या अर्थाने. खासगी विहिरींना हात न लावता बोल्यांनी लढाई तिथे नेली जिथे उत्तर द्यायला कोणाला तोंड नव्हते.

सरकारने 11 सप्टेंबर 1923 ला खातेप्रमुखांना पत्र धाडून ठराव शक्य तितका अमलात आणा म्हणून कळवले. कलेक्टरांनी ते नगरपालिका आणि लोकल बोर्डांकडे पाठवले. काही ठिकाणी ठराव झाले. महाडच्या नगरपालिकेने तर जानेवारी 1924 मध्येच आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. पाण्यावर कोणी गेले नाही, कारण गेल्यावर काय होईल ते जाणाऱ्यांना ठाऊक होते.

बोल्यांना ही मेख कळली होती. स्त्रियांच्या मताच्या ठरावामागे नियम उभा होता. बोल्यांच्या ठरावामागे नुसते पत्र. म्हणून 5 ऑगस्ट 1926 रोजी त्यांनी दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्डे पहिला ठराव पाळणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. पैशाच्या भाषेत सुरू केलेली गोष्ट पैशाच्याच भाषेत पुढे नेली. हाही ठराव मंजूर झाला, तोही शिफारसच होता, आणि त्याचाही धाक फारसा कोणी मानला नाही. पुढे 1928 मध्ये सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करायला स्टार्ट समिती नेमली, तिच्यावर आंबेडकरही होते. समितीने 1930 मध्ये अहवाल दिला तेव्हाही पाणवठ्यांचे रडगाणे तेच होते.

त्याच 1926 सालची दुसरी एक गोष्ट बोल्यांच्या खात्यावर आहे. गावजोशाचे वतन असे. तुम्ही लग्न, मुंज, श्राद्ध कोणाकडूनही करून घ्या किंवा भटजीवाचून करा, गावजोशी आपली दक्षिणा वतनाच्या हक्काने मागे आणि कोर्टातून वसूलही करी. सत्यशोधकांनी यावर कित्येक वर्षे खटले लढवले होते. बोल्यांच्या विधेयकाने, जे ‘जोशी वतन बिल’ म्हणूनच लोकांच्या तोंडी राहिले, ही सक्ती संपवली. काम करील त्याला दक्षिणा. न केलेल्या कामाची मागता येणार नाही. हा मात्र कायदा होता, शिफारस नव्हे. म्हणून तो लागू पडला.

आणि त्याच वर्षी दादरचा गणपती. प्रबोधनकार ठाकरे यांनी ‘माझी जीवनगाथा’मध्ये ही हकीकत तपशिलाने दिली आहे. वर्गणी सगळ्या हिंदूंकडून घेता, अस्पृश्यांकडूनही घेता, तर मूर्तीची पूजा अस्पृश्याच्या हातून का नाही? हा प्रश्न ठाकरे आणि त्यांच्या मंडळींनी भर मंडपात लावून धरला. आंबेडकर आणि बोले दोघेही त्या वादात होते. वातावरण तापले तेव्हा तडजोड निघाली: भटजीने नेहमीप्रमाणे पूजा करावी, मग अस्पृश्य समाजातले पुढारी गणपत महादेव जाधव उर्फ मडकेबुवा यांनी लाल फुलांचा गुच्छ त्याच्या हाती द्यावा, आणि तो त्याने देवाला वाहावा. एवढेच. हात मूर्तीला लागणार नव्हता. फुले मात्र एका हातातून दुसऱ्या हातात जाणार होती. या एवढ्याशा देवघेवीनेसुद्धा दादरचा तो सार्वजनिक गणपती पुढे बंद पडला. ठाकरे आणि त्यांच्या सोबत्यांनी लोकहितवादी संघातर्फे सर्व जातींचा शिवभवानी नवरात्र महोत्सव सुरू केला. आजच्या दादरकराला सार्वजनिक नवरात्र जुनीपुराणी वाटते. ती एका भांडणातून आली आहे. राज्य महोत्सवाचा दर्जा देताना उत्सवाचा हा भांडखोर इतिहासही सभागृहात कोणीतरी सांगायला हरकत नव्हती.

आता महाड. 19 आणि 20 मार्च 1927 ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, ती भरवण्यामागे रामचंद्र बाबाजी मोरे यांची खटपट होती. महाडच निवडण्याचे कारण बोल्यांचा ठराव मान्य करणारी नगरपालिका. तिचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस स्वतः परिषदेच्या बाजूने होते. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांनी सुचवले की, इतके लोक जमलेच आहेत तर तळ्यावर जाऊन पाणी पिऊनच परिषद संपवू. लोक चालत गेले, प्यायले. पुढचे सर्वांना माहीत आहे: वीरेश्वराच्या देवळात शिरणार असल्याची अफवा, मंडपात जेवत बसलेल्यांवर लाठ्या, आणि मग 108 घागरी पाणी काढून, त्यात पंचगव्य मिसळून तळ्याची शुद्धी.

कमी ठाऊक आहे ते यापुढचे. 4 ऑगस्ट 1927 रोजी, म्हणजे बोल्यांचा ठराव झाल्याला बरोबर चार वर्षे होत असताना, महाड नगरपालिकेने आपला 1924 चा ठराव रद्द केला. ठराव करणारे तेच आणि फिरवणारेही तेच सभागृह. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला तेव्हा मंडपाला जागा मिळेना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने दिली. तोवर काही सवर्ण कोर्टात गेले होते. तळे सार्वजनिक नाही, ते चौधऱ्यांचे खासगी आहे, आणि त्यावर फक्त स्पृश्यांनी जाण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, असा त्यांचा दावा. 14 डिसेंबरला त्यांना मनाई हुकूम मिळाला. आंबेडकरांनी कोर्टाचा मान राखून तळ्यावर जाणे स्थगित केले. 25 डिसेंबरला त्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली.

खटला नऊ वर्षांहून जास्त चालला. खालच्या कोर्टांत वादी हरले आणि हायकोर्टात गेले. 17 मार्च 1937 रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती एन. जे. वाडिया यांनी अपील फेटाळले. परंपरा आहे असे नुसते म्हणून भागत नाही, ती अनादी असल्याचा पुरावा लागतो, आणि तो वाद्यांना देता आला नाही, हा निकालाचा गाभा. मुंबई कौन्सिलचा ठराव होऊन साडेतेरा वर्षे उलटली होती. निकाल ठरावाच्या बळावर लागला नाही. तो वहिवाटीचा पुरावा न मिळाल्याने लागला. बोल्यांच्या ठरावाला कोर्टात उभे राहण्यापुरतेही पाय नव्हते.

मग तो ठराव फुकट गेला का? मला तसे वाटत नाही. त्याने विहीर खुली केली नाही, पण विहिरीवर जाणाऱ्याला सरकारी कागद दिला. महाडची माणसे बेकायदा काही करत नव्हती. आपल्याच कौन्सिलने आणि आपल्याच नगरपालिकेने जे म्हटले तेच करायला निघाली होती. शिवाय भाषा टिकली. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद 15 चा दुसरा खंड उघडून पाहा. शासनाच्या पैशातून पूर्णतः किंवा अंशतः चालवलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते वापरण्याबाबत धर्म, जात, लिंग यांवरून कोणालाही रोखता येणार नाही, असे तिथे म्हटले आहे. 1923 चा हिशेबच तो: पैसा सर्वांचा. फरक इतकाच की इथे शिफारस नाही. अनुच्छेद 17 ने अस्पृश्यताच गुन्हा ठरवली आणि 1955 मध्ये शिक्षेचा कायदा आला. त्याच संविधानाने साऱ्याची आणि भाड्याची अट काढून प्रत्येक प्रौढाला मत दिले. 1952 च्या निवडणुकीत खोताचे आणि कुळाचे मत एकाच पेटीत पडले.

आजही विधानसभेत अशासकीय ठराव येतात. आमदार तो देतो, चिठ्ठीत नाव निघाले तर चर्चा होते, मंत्री आश्वासन देतात आणि बहुतेक ठराव मागे घेतले जातात. अभिनंदनाच्या ठरावाची छायाचित्रे दुसऱ्या दिवशी सगळ्या वर्तमानपत्रांत असतात. अशासकीय ठरावाची बातमी आतल्या पानावर दोन ओळींची. हिवाळी अधिवेशन सहसा डिसेंबरात नागपूरला भरते. तुमच्या आमदाराने यंदा कोणता अशासकीय ठराव दिला आहे, हे त्याला एकदा विचारा. आणि दिला असेल, तर तो न पाळणाऱ्याचे अनुदान कापायचे त्यात लिहिले आहे का, हेही विचारा.