अपंगत्वाचे टक्के आणि कामाची क्षमता

आळंदीत अंध मुलींची ‘जागृती’ शाळा आहे आणि तिथून थोड्याच अंतरावर चाकणची औद्योगिक वसाहत. दिव्यांग तरुण-तरुणी नोकरी मागू लागले की त्यांच्या क्षमतेच्या मूल्यमापनाचा प्रश्न येतो. त्याबाबतचा सर्वांत घट्ट गैरसमज असा, की सरकारी प्रमाणपत्रावर ते आधीच झालेले आहे: सत्तर टक्के अपंगत्व म्हणजे तीस टक्के काम. वस्तुस्थिती वेगळी आहे. ती टक्केवारी वैद्यकीय असते. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात 40 टक्क्यांची रेषा आहे, ती आरक्षणासारखे लाभ कोणाला द्यायचे हे ठरवण्यासाठी. कोण काय करू शकेल हे सांगण्यासाठी नव्हे. हा घोळ किती महागात पडतो, ते महाराष्ट्रातल्याच एका विद्यार्थ्याच्या खटल्यात दिसले. वाचा व भाषेचे अपंगत्व 40 टक्क्यांहून जास्त म्हणून त्याला एमबीबीएसला अपात्र ठरवले होते. ऑक्टोबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की नुसत्या टक्केवारीवरून कोणी अपात्र ठरत नाही. अपंगत्व त्या अभ्यासक्रमाच्या आड येते का, हे तपासणी मंडळाने कारणांसह सांगावे. कारखान्यातल्या कामालाही हाच न्याय लावायला हवा.

मग बुद्ध्यांकाची, बोटांच्या कौशल्याची चाचणी घेतली की भागले, असेही अनेकांना वाटते. पण अमेरिकेत संशोधक मार्क गोल्ड यांनी 1972 च्या अभ्यासात बौद्धिक अपंगत्व असलेल्या 64 जणांना सायकलच्या ब्रेकचे 15 सुटे भाग जोडायला शिकवले. कामाचे बारीक टप्पे पाडून शिकवल्यावर जवळजवळ सगळ्यांना ते जमले. पहिल्याच दिवशीच्या चाचणीत यांतले कितीजण टिकले असते? वाहनांच्या सुट्या भागांवर जगणाऱ्या चाकण पट्ट्याने हा प्रयोग मनावर घ्यावा. प्रत्यक्ष काम हातात देऊन, सराव करू देऊन, स्क्रीन रीडर किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी पुरवून केलेली पारखच विश्वासाची. आणि मूल्यमापनाच्या अहवालात उमेदवाराची उणीव जितकी तपशिलात लिहिली जाते, तितक्याच तपशिलात कामाच्या जागेत करायचे बदलही लिहिलेले हवेत.

सुरक्षिततेचा आक्षेप खोटा नाही. पॉवर प्रेसजवळ उभ्या कर्णबधिर कामगाराला भोंगा ऐकू येणार नाही, हे खरेच. पण त्यावर उपाय लुकलुकणाऱ्या दिव्याचा आहे. काही कामे काहींना देता येणार नाहीत, मात्र तो निर्णय त्या कामाची पाहणी करून व्हावा, प्रमाणपत्र पाहून नव्हे. इतका खटाटोप लहान कारखानदाराने का करावा, असे विचारले जाते. तो सगळा त्याच्यावर पडत नाही: केंद्र सरकारने अशा मूल्यमापनासाठी मुंबईत 1968 मध्येच व्यवसाय पुनर्वसन केंद्र उघडले, ते आज राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र म्हणून ओळखले जाते. शिवाय समान संधी धोरण जाहीर करण्याचे बंधन 2016 च्या कायद्याने खासगी आस्थापनांवरही घातले आहे.

पालकांनी आणि उमेदवारांनी अहवाल हाती पडताच विचारावे: कोणते काम करून पाहायला दिले, किती वेळा शिकवले, कोणते साधन पुरवले? याची उत्तरे नसतील तर तो अहवाल स्वीकारू नका. मूल्यमापन पुन्हा करायला लावा.