आगमनकाळ : वाट पाहण्याचे व्रत

धार-देवासच्या आम्हा मराठी मंडळींना नाताळ ठाऊक. त्यापूर्वीच्या चार रविवारांचा ‘आगमनकाळ’ मात्र तितकासा परिचित नाही. दर रविवारी एकेक मेणबत्ती वाढवीत ख्रिस्ती बांधव ख्रिस्तजन्माची वाट पाहतात.

वाट पाहणे म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे, हे आम्हांस लक्ष्मीबाई टिळकांच्या चरित्रात उमगले. १८९५ मध्ये कवी ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या. पुढे स्वतःच्या श्रद्धेने ख्रिस्ती झाल्या. १९१९ मध्ये टिळक निवर्तले, ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले. लग्नानंतर अक्षरे गिरविलेल्या या माउलीने ते पुढे नेले. १९३८ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याही हयात नव्हत्या.

फळ दिसो न दिसो, अपुरे काम हाती घ्यावे. आगमनकाळाची आशा आम्ही हीच मानतो.